जोर्व्याचं भांडं आणि दक्षिणेचा रांजण

मार्च उजाडला की आमच्या घरी खानापूरचं नवं मडकं येतं. फ्रिज घरात आला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण ह्यांना मडक्यातल्याच पाण्यानं तहान भागल्यासारखी वाटते. यंदा बाजारात मडकं घ्यायला मी नातवाला बरोबर नेलं. विकणाऱ्या बाईनं एक मडकं उचललं, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि म्हणाली, "सद्द केळ्री, बाई!" आवाज ऐका. खणखणीत वाजलं ते पक्कं भाजलेलं, बद्द वाजलं ते कच्चं किंवा कुठंतरी चिरलेलं. ही परीक्षा मला माझ्या आजीनं निपाणीच्या बाजारात शिकवली होती आणि माझ्या सुनेला तिच्या अज्जीनं गोकाकच्या संतेत. मराठीत मडकं, कन्नडमध्ये मडिके. आपल्याकडं गाडगं, तिकडं गडिगे. घेताना भाव करायचा तो ज्या भाषेत बाई आधी बोलेल त्या भाषेत.

हे मडक्याचं पुराण सांगण्याचं कारण वेगळंच आहे. नातवाला शाळेनं सुट्टीत प्रकल्प दिला होता: 'जगातील प्राचीन संस्कृती'. वर्गातल्या मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि ह्याच्या वाट्याला आले मेक्सिकोचे ओल्मेक. दगडातून माणसापेक्षा उंच, भली थोरली डोकी कोरणारे हे लोक. त्यांचं सान लोरेन्सो नावाचं मोठं गाव इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमारास ओस पडलं आणि ला व्हेंता हे दुसरं ठाणं ४०० च्या सुमारास. पुस्तकात त्यापुढं एकच ओळ होती, की त्यांच्यानंतर त्याच मुलखात 'उत्तर-ओल्मेक' संस्कृती आली. पोरगं मला विचारतं, "आजी, मोठे लोक गेल्यावर जे मागं राहतात, त्यांना एकच ओळ का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "आपल्याकडं तेव्हा कोण होतं?"

हा दुसरा प्रश्न त्यानं जेवणाच्या पंगतीत विचारला, तिथंच घोटाळा झाला. त्या दिवशी सुनेचा भाऊ गोकाकहून आला होता आणि माझे धाकटे दीरही घरी होते. "आपल्याकडं म्हणजे?" दोघांनीही एकदमच विचारलं. मग 'आधी कोण' यावर जी जुंपली, ती ताक संपेपर्यंत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या भागात असा एकही जिन्नस उरलेला नाही, ज्याच्यावर 'आधी कोण' असं विचारून भांडता येत नाही. पोरगं बिचारं ताटातल्या हुलग्याच्या आमटीत भाकरी कुस्करत एकदा मामाकडं बघे, एकदा आजोबाकडं.

म्हणून मे महिन्यात पुण्याला लेकीकडं गेले, तेव्हा त्याला येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पुढं संसारात पुस्तकं माळ्यावर गेली, पण जोर्वे हे नाव विसरले नव्हते.

जोर्वे हे प्रवरा नदीकाठचं, संगमनेरजवळचं एक लहानसं गाव. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकबरोबर इथंही उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि एका विशिष्ट जातीची भांडी मिळाली. चाकावर घडवलेली, लालसर-नारिंगी, वर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी. भट्टीत इतकी भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पुस्तकात हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला खानापूरच्या बाईनं समजावला. कुंभाराला भट्टीचा ताव साधला होता, एवढाच त्याचा अर्थ. तोटीचं भांडं हा त्यांचा खास घाट. आपली झारी आठवा.

पुढं अशी भांडी तापीपासून भीमेपर्यंत ठिकठिकाणी निघत गेली आणि त्या सगळ्या लोकांना या पहिल्या गावाचं नाव मिळालं: जोर्वे संस्कृती. काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. म्हणजे तिकडं मेक्सिकोत ओल्मेक लोक दगडी डोकी कोरत होते, तेव्हा इकडं आमचे कुंभार तोट्या बसवत होते. मोठ्या पाषाणमूर्ती नाहीत, पिरॅमिड नाही. दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, सगळे मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचे. त्यांचा काळ कोणता यावर मात्र जाणकारांत अजून एकमत नाही, म्हणून ते जोर्व्यांच्या पदरात घालायला मी तयार नाही.

जोर्वे हेसुद्धा 'नंतर आलेले'च. त्यांच्या आधी इथं माळवा संस्कृतीचे लोक होते, नावाप्रमाणं माळव्याशी नातं सांगणारे. त्यांच्यातूनच हे पुढचे लोक घडले. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातलं इनामगाव हे त्याचं सगळ्यात बोलकं ठिकाण. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं तिथं खणलं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. एवढी वर्षं एकाच खेड्यावर खर्ची घालणं सोपं नसतं. पण त्यामुळंच आपल्याला नुसती मडकी मिळाली नाहीत, गाव मिळालं. शंभराहून जास्त घरं मिळाली.

सगळ्यात खाली माळव्यांची वस्ती. तिच्यावर, मध्ये उजाड न पडता, जोर्व्यांची. त्यांची घरं चौकोनी, साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, मातीच्या बुटक्या भिंती, वर कुडाचा आणि गवताचा साज. दोन घरांत बोळ. घरात चूल आणि कणगी ठेवायची जागा. कुंभार, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा असे कारागीर गावाच्या पश्चिम अंगाला राहत. मधोमध एक पाच खोल्यांचं घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. हा गावच्या प्रमुखाचा वाडा असावा आणि गावचं धान्य त्याच्या देखरेखीखाली राहत असावं, असा संशोधकांचा अंदाज. नदीचा पूर अडवायला दगडमातीचा बांध, आणि पाणी फिरवायला खोदलेला पाट. सातू हे मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, वाल आणि हुलगा.

हुलग्यावर नातू थांबला. "आपला हुलगा?" आपलाच. त्याच्या आईच्या भाषेत हुरळी. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत सगळीकडं सापडणाऱ्या धान्यांत हुलगा आणि मूग ही दोन्ही असतात. सातू-गहू उत्तरेकडून आलेले, हुलगा दख्खनच्या मातीतला. एका खेड्याच्या कणगीत दोन्ही दिशांचं धान्य.

पण मला पुढं जे सांगायचंय ते धान्याचं नाही. काचेमागं मातीचे दोन मोठे रांजण आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. त्यांच्या आत लहान मुलाची हाडं. नातवानं माझा हात धरला. जोर्व्यांची ही रीतच होती. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवत, आणि त्याचे घोट्याखालचे पाय कापून टाकत. त्यानं भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून, असा तर्क करतात. लहान लेकराचे पाय मात्र कापत नसत. त्याला दोन रांजणांच्या पोटात ठेवत आणि घरातच, चालत्या-झोपत्या भुईखाली पुरत. इनामगावच्या दफनांत मुलांची संख्या मोठी आहे. म्हणजे रोज त्या आईनं वर सारवायचं, चूल पेटवायची, नि तिच्या हातभर खाली ते. आपल्याकडं अजूनही तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या आजीचं पहिलं मूल निपाणीच्या घराच्या परड्यात आहे असं ती सांगायची, आणि त्या जागेवर कुणी चप्पल घालून गेलं की ओरडायची. रागवायची कशाला, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता त्या रांजणांकडं नीट बघा. ते लाल नाहीत. नक्षीदार नाहीत. टिचकीला वाजण्याचा प्रश्नच नाही. हातानं थापलेले, जाड, राखाडी. रोजच्या जेवणाला जोर्व्याचं देखणं लाल भांडं, आणि लेकराला मातीआड करताना मात्र हे राखाडी रांजण. अशी राखाडी, हातानं केलेली भांडी आणि त्यांत मुलं पुरण्याची रीत कुठं सापडते? दक्षिणेकडं. कृष्णा-तुंगभद्रेच्या खोऱ्यांत, आजच्या कर्नाटकात. नेवासे, चांदोली, इनामगाव इथल्या या रांजणांचं नातं पुरातत्त्वज्ञांनी तिकडच्या नवाश्मयुगीन लोकांशी जोडलं आहे.

हे तिकडचे लोक कोण? गुरं राखणारे. गोठ्याच्या जागी वर्षानुवर्षं शेण साठवायचं आणि कधीतरी सगळं पेटवून द्यायचं, अशी त्यांची रीत. तिचे राखेचे प्रचंड ढिगारे आजही उभे आहेत. उटनूर, कुपगल, आणि यादगीर भागातलं बूदिहाळ, जिथं प्रा. के. पद्दय्या यांनी उत्खनन केलं. कन्नड येणाऱ्याला बूदिहाळ म्हटल्यावर वेगळं काय सांगायचं? बूदी म्हणजे राख. गावकऱ्यांनी नाव ठेवलं तेव्हा राखेचा ढिगारा काय आहे हे त्यांना नक्की ठाऊक नसेल, पण राख आहे हे ठाऊक होतं.

आणि ये-जा काही एकाच बाजूनं नव्हती. बळ्ळारी जिल्ह्यातल्या तेक्कलकोटा इथं १९६३-६४ मध्ये एम. एस. नागराज राव आणि के. सी. मल्होत्रा यांनी खणलं, तेव्हा तिथल्या वरच्या थरात जोर्वे पद्धतीची भांडी मिळाली. म्हणजे इकडचं लाल भांडं तिकडं गेलं, तिकडचा राखाडी रांजण इकडं आला. चांदोलीला तांब्याची एक कट्यार मिळाली, मूठ मिशीसारखी दोन टोकांनी फाकलेली. तशाच मुठीच्या तांब्याच्या तलवारी रायचूर जिल्ह्यातल्या कल्लूरला मिळालेल्या आहेत. आता हे सगळं नेलं कुणी? व्यापाऱ्यानं, की धनगरानं, की सासरी आलेल्या मुलीनं? मला तर तिसरं पटतं. मडकं घडवण्याची रीत एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती बहुतेक लग्नाच्या वरातीबरोबर. हा आपला माझा तर्क, पुरावा काही नाही. पण आमच्या घरी गोकाकचं करदंट कसं आलं ते मला माहीत आहे.

मोठ्यांच्या मागं राहिलेल्यांना एकच ओळ का, हा नातवाचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर इनामगावच्या सगळ्यात वरच्या थरात आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास तापी-गोदावरीच्या काठच्या जोर्वे वस्त्या एकामागून एक उठल्या. पाऊस कमी झाला, असं ढवळीकरांचं म्हणणं. सगळ्यांना ते मान्य नाही. भीमेच्या खोऱ्यात मात्र माणसं टिकून राहिली, आणखी तीनशे वर्षं. कशी राहिली? चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या, तीन-चार एकत्र, मध्ये अंगण. मडक्यांवरची नक्षी ओसरली, घडण जाडीभरडी झाली. शेती आटली, शेळ्या-मेंढ्या वाढल्या, शिकारही वाढली. पुस्तकं याला 'ऱ्हासाचा काळ' म्हणतात. मी हा शब्द पूर्वी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. आता संसार केल्यावर वाटतं, तीनशे वर्षं ज्यांनी दुष्काळात पोरं वाढवली त्यांना ऱ्हास म्हणायला लिहिणाऱ्याचं काय जातं? आणि याच काळातलं एक दफन साऱ्या इनामगावात वेगळं आहे. कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा मोठा रांजण, आणि त्यात बसवलेला एक प्रौढ पुरुष. त्याचे पाय कापलेले नाहीत. कुणी मानाचा माणूस असणार. रांजणाचं पोट गर्भार बाईच्या पोटासारखं आहे, हे संग्रहालयात माझ्या आधी लेकीच्या लक्षात आलं.

मेक्सिकोतही काही वेगळं घडलं नाही. ला व्हेंता ओस पडल्यावर त्रेस झापोतेस नावाच्या ठिकाणी लोक राहत राहिले. पूर्वीसारखी प्रचंड डोकी कोरली गेली नाहीत. पण या मागं राहिलेल्यांनी जे केलं ते आधीच्यांपाशी असल्याचा तसा भक्कम पुरावा नाही: ते लांबलचक मजकूर लिहू लागले. तिथल्या एका दगडावर दिवसांची मोजणी कोरलेली आहे, इसवी सनापूर्वी ३२ ची. १९३९ मध्ये मॅथ्यू स्टर्लिंग यांना त्याचा खालचा अर्धा मिळाला. वरचा, तारखेचा पहिला आकडा असलेला तुकडा, १९६९ मध्ये सापडला, आणि तीस वर्षं चाललेला वाद मिटला. १९८६ मध्ये व्हेराक्रूझ राज्यातल्या एका नदीतून ला मोहारा इथं आणखी एक शिळा निघाली, तिच्यावर सुमारे पाचशे चिन्हं आणि इसवी सन १४३ व १५६ या सालांच्या तारखा.

आणि ती भाषा कोणती? इथंच गंमत आहे. १९९३ मध्ये जॉन जस्टेसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी सांगितलं, आम्ही ती वाचली, ती आजच्या सोके भाषांची पूर्वज आहे. दहा वर्षांनी स्टीफन ह्यूस्टन आणि मायकल को यांनी एका मुखवट्यावरचा तशाच लिपीतला मजकूर त्या रीतीनं वाचून पाहिला आणि म्हणाले, यातून धड अर्थ निघत नाही. वाद अजून तसाच आहे. पाचशे चिन्हं दगडावर कोरून ठेवली, तरी भाषा कोणती ते ठरत नाही!

जोर्व्यांनी तर एक अक्षरही लिहिलं नाही. हलमिडीचा शिलालेख, कन्नडचा सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सन ४५० च्या आसपासचा. मराठीचा सगळ्यात जुना म्हणून आम्हाला शाळेत जो शिकवला तो श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी, म्हणजे कर्नाटकातच. त्याच्यापेक्षा जुने म्हणून आता दुसरे लेख पुढं केले जातात, तरी तेही इनामगावची शेवटची झोपडी मोडल्यानंतर दीडेक हजार वर्षांनी कोरलेले. आमच्या बेळगावातच वडगाव-माधवपूरला जे सातवाहनकालीन नगर उत्खननात निघालं, ज्याच्यावरून आपण रोज भाजी आणायला जातो, तेसुद्धा जोर्व्यांनंतर कितीतरी शतकांनी वसलेलं. तेव्हा इनामगावच्या आईनं लेकराला रांजणात ठेवताना कोणत्या भाषेत हाक मारली, हे कुणाला सांगता येणार नाही. माझ्या दिरांना नाही आणि गोकाकच्या मामालाही नाही.

पुण्याहून परत आल्यावर नातवानं तक्ता केला. ओल्मेकांची डोकी एका कोपऱ्यात, बाकी सगळा तक्ता जोर्व्यांचा. मामानं राखेच्या ढिगाऱ्याचं चित्र काढून दिलं, धाकट्या आजोबांनी तोटीचं भांडं. दोघं एकाच रंगपेटीसाठी भांडले, ते चांगल्यापैकी. सुनेनं मातीचा गोळा आणून दोन लहान रांजण केले, तोंडाला तोंड लावून, पण आत काही ठेवू दिलं नाही. तक्त्याखाली चौकट होती: काळ, ठिकाण, घरं, पीक, भाषा. चार रकाने त्यानं भरले. पाचव्यात थोडा वेळ पेन धरून बसला, मग मराठीत लिहिलं 'माहीत नाही', आणि खाली आईला स्पेलिंग विचारून कन्नडमध्ये 'गोत्तिल्ल'.